कागदाच्या पाठीवरचं वर्ष

जलरंगातलं चित्र संपलं की कागद पालथा करावा आणि पाठीवर पेन्सिलीने पाच गोष्टी लिहाव्यात. तारीख-वेळ, कागद कुठला, रंग कुठले, आभाळ कसं होतं, आणि पहिल्या वॉशची, म्हणजे पाणचट रंगाच्या पहिल्या हाताची, ओली चकाकी किती मिनिटांत गेली. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि कागद पुन्हा भिजला तर शाई फुटते. २बी पेन्सिल, हलका हात, खालचा कोपरा. बस्स.

हौशी माणसाने आठवड्याला दोन चित्रं धरली तरी वर्षाची १०४ होतात. २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण शीटचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे पडतात, म्हणजे वर्षाला तेरा शीट. शंभर टक्के कॉटनचा कागद दोन्ही बाजूंनी चालतो, त्यामुळे हात राखून वापरणारे सात शीटमध्येही वर्ष काढतात. पण मग पाठच उरत नाही, नोंदी वहीत जातात आणि वही हरवते. ही काटकसर मला पटत नाही. नोंद चित्रालाच चिकटलेली असावी.

वर्षाअखेर गठ्ठा काढून नुसती चित्रं बघितली तर सुधारणा सलग दिसत नाही. एप्रिलमधलं आभाळ बरं जमलेलं असतं, ऑगस्टमधल्याचा चिखल झालेला असतो, नोव्हेंबरात हात बसल्यासारखा वाटतो आणि मार्चमध्ये पुन्हा घसरतो. मग माणूस स्वतःला दोष देत बसतो. तोच गठ्ठा पालथा घालून पाठी वाचल्या की वेगळंच निघतं. कागद तोच, रंग तेच, ब्रश तोच, बदललेली असतात ती मिनिटं. मेच्या दुपारी तीन-चार मिनिटांत चकाकी सोडणारा कागद जुलैत अर्धा अर्धा तास ओला राहतो. वर्षभर आपण ज्याला आपलं कौशल्य समजत असतो, त्यातलं निम्मंशिम्मं बेळगावचं हवामान असतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, घाटमाथ्याच्या काठाला बसलेलं. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत भिंतींना बुरशी येते, तर ईशान्येला अथणीकडे त्याच महिन्यात रस्त्यावर धूळ उडत असते. एका जिल्ह्यात जलरंगाचे दोन वेगळे नियम लागू पडतात. आणि पुस्तकात लिहिलेलं असतं, 'पहिला वॉश वाळू द्यावा.' किती वेळ? ते सांगायची लिहिणाऱ्याला गरज पडली नसावी, त्याच्याकडे वर्षभर हवा एकसारखी असेल. आपल्याला घड्याळ लावून बसावं लागतं.

घड्याळापेक्षा कागद जास्त खरं बोलतो, फक्त तो बघायचा कसा हे कळलं पाहिजे. वरून बघू नये. मान खाली घालून डोळे कागदाच्या पातळीत आणावेत आणि खिडकीच्या उजेडाच्या दिशेने तिरकस बघावं. पाणी नुकतंच फिरवलेलं असतं तेव्हा कागदावर खिडकी आरशासारखी दिसते, गजांसकट. या वेळी सोडलेला रंग कुठेही पळतो, त्याच्याकडून आकाराची अपेक्षा करू नये. थोड्या वेळाने गज पुसट होतात, चकाकी राहते पण कागदाच्या दाण्यांची टोकं तिच्यातून डोकं वर काढतात. ढगांच्या कडा, धुक्यातली झाडं, लांबचा डोंगर, सगळं मऊ काम या टप्प्यात. मग चकाकी जाते. कागद कोरडा दिसतो, पण बोटांची पालथी बाजू टेकवली तर गार लागतो. हा गार कागद सर्वात फसवा. आणि शेवटी गारपणा जातो, तेव्हाच खऱ्या अर्थाने पुढचा थर.

निम्मी चित्रं त्या गार टप्प्यात वाया जातात. आभाळ छान आलेलं असतं, कोपऱ्यात एक जागा फिकी वाटते, म्हणून ब्रश पाण्यात बुडवून तिथे जरासा रंग लावला जातो. पाच मिनिटांनी तिथे फ्लॉवरचा गड्डा उमटलेला असतो, दातेरी कडांसकट. कारण साधं आहे. पाणी जास्त ओल्या जागेकडून कमी ओल्या जागेकडे पसरतं, जाताना रंगाचे कण ढकलत नेतं, आणि जिथे त्याचा जोर संपतो तिथे ते कण ढीग करून ठेवतं. म्हणजे ब्रशातलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा जास्त झालं की फ्लॉवर ठरलेला. एवढं एक सूत्र पाठ झालं तर जलरंगावरची अर्धी पुस्तकं वाचायची राहिली तरी चालतील.

दाटपणाचं मोजमाप आपल्या ओळखीच्या वस्तूंनी ठेवावं. पहिला वॉश टपरीवरच्या पाणचट चहासारखा, पॅलेट तिरकी केली की धावत जाणारा. दुसरा थर दुधासारखा. चकाकी उतरत आलेल्या कागदावर जे टाकायचं ते बासुंदीसारखं, पॅलेटवर सावकाश सरकणारं. आणि शेवटच्या चार गडद फटकाऱ्यांना कुंदा, जागचा न हलणारा. कागद जसजसा वाळत जातो तसतसं आपण चहाकडून कुंद्याकडे जायचं, उलट दिशेने कधीच नाही. पूर्ण वाळल्यावर मात्र पुन्हा चहा चालतो.

सपाट वॉशची कृती एकदाच नीट सांगतो. बोर्डच्या वरच्या बाजूखाली दोन वह्या ठेवून उतार द्यावा. रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा. अकरा बाय पंधराच्या तुकड्याला चहाचे चार-पाच चमचे, म्हणजे वीस-पंचवीस मिली द्रावण लागतं, आणि वाटतं त्यापेक्षा ते नेहमी कमीच पडतं. मधेच रंग संपला आणि पुन्हा कालवायला बसलो तर तेवढ्यात कड वाळून रेघ पडते. १२ नंबरचा गोल ब्रश पूर्ण भरून डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढावा. उतारामुळे खालच्या कडेला रंगाची एक जाड ओळ साचते. पुढचा पट्टा त्या साचलेल्या ओळीला टेकवत ओढायचा, वरच्या पट्ट्यात पुन्हा शिरायचं नाही. शेवटच्या पट्ट्याखाली साचलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा, नाहीतर तो उलटा वर चढतो आणि तळाला फ्लॉवर फुलतो. वाळल्यावर रंग ओल्यापेक्षा बराच फिका होतो, तेव्हा ओला असताना जरा भडक वाटला तर घाबरून टिपकागद शोधू नये.

आता मे. बेळगाव-खानापूर भागात धूळवाफ पेरणी याच दिवसांत होते. कोरड्या मातीत भात टाकायचं आणि वळवाची वाट बघायची. जलरंगवाल्याची अवस्था नेमकी उलटी, त्याच्याकडे पाणी आहे पण ते कागदावर थांबत नाही. आभाळाचा तिसरा पट्टा ओढेपर्यंत पहिला वाळतो. यावर लोक पंखा बंद करतात, घामाघूम होतात आणि तो घामच कागदावर पडतो. त्यापेक्षा कागद दोन्ही बाजूंनी ओला करावा. आधी पाठ, मग पुढची बाजू, आणि मग कागद सनमायका किंवा काचेसारख्या पाणी न शोषणाऱ्या पाटीवर आडवा पसरावा. खालून ओल मिळत राहते आणि तीन मिनिटांची दहा-बारा मिनिटं होतात. ही पाटी प्लायची असून चालत नाही, प्लाय पाणी पिऊन टाकतो. ब्रश धुण्याच्या पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंबही टाकतात, पण हात आवरावा. जास्त झालं तर कागद दिवसभर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. मेमधल्या आपल्या धुळीचं काय वर्णन करावं!

पॅनमधले रंग उन्हाळ्यात आक्रसतात, तडकतात आणि डबी उघडली की खडे होऊन बाहेर पडतात. फेकू नयेत. पॅनच्या तळाला पाण्याचा एक थेंब टाकून खडा परत दाबून बसवावा. ट्यूब वापरणाऱ्यांना दुसराच त्रास. तोंडाशी आधी पारदर्शक चिकट पाणी येतं आणि मागून घट्ट रंग. ते पाणी म्हणजे डिंक, रंगाला कागदावर धरून ठेवणारा. ते पुसून टाकलं तर मागचा रंग वाळल्यावर भुकटीसारखा निघतो. टूथपिक घालून ढवळून घ्यावं.

मेबद्दल एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही. चित्रकाराने उत्तरेच्या खिडकीशी बसावं, तिथे दिवसभर थेट ऊन येत नाही, उजेड सारखा राहतो, असं सगळे सांगतात. सांगणारे कर्कवृत्ताच्या बऱ्याच वरच्या देशांतले. बेळगाव आहे सुमारे १५ अंश ५० मिनिटं उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या ९-१० तारखेच्या आसपास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे मधले तीन महिने आपल्याकडे ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. पावसाचे ढग झाकतात म्हणून जून-जुलैत लक्षात येत नाही, पण मेमध्ये उत्तरेला बसलेल्याचा कागद दहा मिनिटांत पापड होतो. तेवढे दिवस दक्षिणेची खिडकी धरावी. बाहेर बसून काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, की त्या दिवसांत भर दुपारी किल्ल्याच्या तटाची सावली दक्षिणेला पडते. डिसेंबरात काढलेल्या रेखाटनावर मेची सावली चढवली की चित्र खोटं दिसतं आणि का खोटं दिसतंय ते कुणालाच सांगता येत नाही.

मग पाऊस येतो. खरी शाळा इथेच सुरू होते.

पावसाळ्यातली पहिली तक्रार 'वाळतच नाही' ही असते, पण ती गंभीर नाही. गंभीर गोष्ट कागदाच्या आत चाललेली असते. जलरंगाच्या कागदाला साइझिंग (खळीसारखा लेप) असतं, चांगल्या कागदाला बहुधा जिलेटिनचं. त्यामुळेच रंग वर थांबतो, नाहीतर कागद म्हणजे टिपकागद. दमट हवेत महिनोन् महिने उघडं ठेवलं की हे साइझिंग जागोजागी मरतं, आणि बघून काहीच कळत नाही. कागद तितकाच पांढरा, तितकाच करकरीत. वॉश फिरवल्यावर मात्र आभाळात देवीच्या वणांसारखे गडद ठिपके उमटतात. तिथे कागदाने रंग आत ओढून घेतलेला असतो आणि तो काही केल्या निघत नाही. नवखा माणूस रंगाला शिव्या देतो.

परीक्षा सोपी आहे. काम सुरू करण्यापूर्वी कोपऱ्यात आणि मध्यभागी स्वच्छ पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. थेंब फुगीर बसून राहिला तर कागद शाबूत. बसल्या बसल्या पसरून गडद डाग झाला तर साइझिंग गेलं. असा कागद कोळशाला किंवा पेन-शाईच्या रेखाटनाला वापरावा. अगदीच जीव अडकला असेल तर घरी पुन्हा साइझिंग करता येतं. खाण्याचं साधं, बिनचवीचं जिलेटिन, लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम, आधी थंड पाण्यात फुगवून मग कोमट पाण्यात विरघळवायचं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की त्याची पकड कमी होते. रुंद, मऊ ब्रशने दोन्ही बाजूंना एकेक हात द्यायचा आणि दोरीवर वाळवायचं. आता ही दोरीवर वाळवायची गोष्ट जुलैत बेळगावात करायची म्हणजे विनोदच, म्हणून हा उद्योग ऑक्टोबरात करावा.

मुळात कागद बिघडूच न देणं स्वस्त पडतं. मे संपायच्या आत, हवा कोरडी असतानाच, शीटचे तुकडे करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावेत आणि एका वेळी आठवड्याला लागतील तेवढेच बाहेर काढावेत. पहिल्या पावसानंतर पिशवीत भरले तर ओलच आत कोंडली जाते आणि उघड्यावर ठेवल्यापेक्षा वाईट अवस्था होते. सिलिका जेलच्या गोळ्यांनी ओल प्यायली की त्या तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. कागद भिंतीला टेकवून उभा ठेवू नये, जांभ्याच्या जुन्या भिंती पावसाळ्यात घाम गाळतात. आणि कसर. कसरीला कागदापेक्षा त्यातली खळ आणि जिलेटिन आवडतं, ती वरचा थर खरवडून खाते. त्या जागी रंग लावला की आपोआप नकाशे उमटतात.

रंगाच्या डबीलाही याच दिवसांत पांढरी लव येते. डिंक आणि कधी कधी मध, दोन्ही बुरशीच्या आवडीचे. काम झाल्यावर डबी लगेच बंद करून ठेवली की हमखास. रात्रभर झाकण उघडं ठेवून पंख्याच्या वाऱ्याला वाळू द्यावी. लव आलीच तर वरचा थर ओल्या फडक्याने काढून टाकावा आणि डबी स्पिरिटने पुसावी. धुण्याच्या पाण्यात लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकणारेही आहेत. बुरशी आटोक्यात राहते हे खरं, पण मग चित्र काढताना दात दुखत असल्यासारखं वाटतं.

न वाळणाऱ्या कागदाशी भांडण्यापेक्षा पद्धत बदलावी. पावसाळ्यात पाणी निम्मं करायचं. वेट-ऑन-वेटला, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याला, एकच संधी द्यायची, आभाळाला, आणि बाकी काम दुसऱ्या दिवशी कोरड्या कागदावर. हेअर ड्रायर वापरायचाच तर चकाकी पूर्ण गेल्यानंतर, हातभर लांबून, हलवत. त्याआधी मारला तर हवेचा झोत रंग ढकलत नेतो आणि कडांना गलिच्छ रेघा सोडतो. कागद ताणून बसवणाऱ्यांसाठी इशारा. शीट पाच-सात मिनिटं भिजवून बोर्डवर तपकिरी डिंकटेपने चिकटवायची पद्धत कोरड्या दिवसांत अप्रतिम चालते. जुलैत टेपच वाळत नाही, कागद आक्रसायला लागला की एक बाजू सुटते आणि मधे पन्हळ पडते. साडेसात बाय अकराच्या तुकड्याला ३०० जीएसएमचा कागद असेल तर ताणायची गरजच नसते. चारही बाजूंनी मास्किंग टेप पुरे, आणि ती काढताना कागदाशी अगदी निमुळता कोन ठेवून, बाहेरच्या दिशेने. ओलसर कागदावरून सरळ वर ओढली तर वरचा पापुद्रा घेऊनच निघते.

आणि हिरवा! रोपलावण सुरू झाली, नट्टीच्या बायका शिवारात उतरल्या, की बेळगावच्या पश्चिमेला नजर जाईल तिथे हिरवं. ट्यूबमधला तयार हिरवा थेट लावला की ते शेत प्लास्टिकच्या चटईसारखं दिसतं. नुकत्या लावलेल्या रोपाच्या पोपटीत पिवळाच जास्त असतो. लेमन यलो भरपूर आणि थॅलो ब्लू टाचणीच्या टोकाएवढा, कारण थॅलोची रंगशक्ती अफाट, एका थेंबाने अख्खी वाटी निळी होते. महिन्याभराने तेच भात काळपट हिरवं होतं, तेव्हा अल्ट्रामरीन निळा आणि गॅम्बोज पिवळा, त्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचा स्पर्श. आंब्याचं झाड त्याहून गडद, तिथे बर्न्ट सिएना वाढवायचा आणि पाणी कमी करायचं. चौथा रंग मिसळायला हात गेला की थांबावं, तिथून पुढे चिखलच. रिकाम्या वाफ्यातल्या पाण्यात आभाळ पडलेलं असतं, ते आभाळाच्याच वॉशबरोबर घ्यावं, मागून वेगळं काढू नये. बगळे काढायचे नसतात, सोडायचे असतात. पहिल्या वॉशआधी पेन्सिलीने जागा ठरवून तेवढा कागद कोरडा ठेवायचा. मास्किंग फ्लुइड (कागद झाकून ठेवणारा रबरी द्रव) वापरलं तर दोन दिवसांच्या आत काढून टाकावं, जुनं झालं की ते कागदासकट निघतं. ब्रशला आधी साबण लावून मगच त्यात बुडवावा, नाहीतर ब्रश गेला.

पाण्याचंही एक सांगायला हवं. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं जड पाणी यांत अल्ट्रामरीन वेगवेगळा वागतो. त्याचे कण मुळातच एकत्र येऊन कागदाच्या खळग्यांत बसणारे. जड पाण्यात ते आणखी गोळा होतात आणि वॉश रवाळ दिसतो. पावसाच्या आभाळाला हे छान, माणसाच्या चेहऱ्याला भयंकर. पन्हाळीचं स्वच्छ पाणी बाटलीत भरून ठेवलं तर गुळगुळीत वॉशसाठी फुकटात उपाय होतो, फक्त पहिल्या दोन पावसांचं घेऊ नये, त्यात कौलांवरची वर्षभराची घाण असते.

गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस मधले. हवा रोज बदलते, पाठीवरचे आकडे आज पंधरा मिनिटं तर उद्या सात. यावर फार बोलण्यासारखं नाही.

सुगी आली की मात्र जलरंगाला बेळगावसारखं गाव नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी आठ ते साडेदहा. चकाकी आठ-दहा मिनिटं टिकते, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो आणि कंटाळा यायच्या आत कागद वाळतोही. धुक्यात राजहंसगडाचा डोंगर कडेने दिसतो आणि पायथ्याला विरघळलेला असतो. हे काढायचं तर डोंगराचा वरचा काठ कोरड्या कागदावर ओढून, खालच्या बाजूला लगेच स्वच्छ ओला ब्रश फिरवायचा. वर धार, खाली काही नाही. धुकं पांढऱ्या रंगाने काढायच्या भानगडीत पडू नये, खडूसारखं दिसतं.

कापणी झाल्यावर माती उघडी पडते आणि बेळगावच्या दोन मात्या शेजारी शेजारी दिसतात. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात काळी, भातामागून मसूर-वाटाणा घेणारी. उचगाव-कंग्राळीच्या बाजूला तांबडी, रताळ्या-बटाट्याची. काळ्या मातीला ट्यूबमधला काळा लावू नये, जागा मेल्यासारखी दिसते. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन समान, दाट दुधाएवढे. नांगरलेल्या ढेकळाच्या वरच्या कडा आभाळाचा निळसर उजेड घेतात, तिथे ड्राय ब्रशने, म्हणजे जेमतेम ओल्या ब्रशने, कागदाचे दाणे मोकळे सोडावेत.

तांबडी माती कालवताना थोडं थांबून ट्यूब वाचावी. चांगल्या रंगाच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. लाइट रेडवर पीआर१०१, यलो ऑकरवर पीवाय४२ किंवा पीवाय४३. तिन्ही लोखंडाचे ऑक्साइड. आपल्या मातीला, जांभ्याला तांबडेपणा येतो तोही लोखंडाच्या ऑक्साइडमुळेच. पिवळ्या ऑकरमध्ये लोखंडाबरोबर पाणी बांधलेलं असतं, भाजलं की ते पाणी उडतं आणि पिवळा तांबडा होतो. कच्च्या सिएना मातीला भाजून बर्न्ट सिएना करतात तो असाच. खानापूरच्या भट्टीत घातलेलं पिवळट कौल तांबडं होऊन बाहेर येतं, तिथेही हेच घडलेलं असतं. म्हणजे कौलारू घर बर्न्ट सिएनाने रंगवताना आपण कौल कौलानेच रंगवत असतो. पायरीला लावतात तो गेरूही याच घराण्यातला. यामुळेच हे रंग स्वस्त, टिकाऊ, आणि इथल्या उजेडाला कधी परके वाटत नाहीत. नवख्याने पहिल्या वर्षी बारा रंगांची पेटी घेण्यापेक्षा सहा ट्यूब घ्याव्यात: लेमन यलो, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि एक गुलाबी, तो पीव्ही१९चा. थॅलो दुसऱ्या वर्षी.

ज्यांच्यापासून शिकायचं ती चित्रं फार लांब नाहीत. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी जे. जे.मध्ये शिकून परतल्यावर तिथल्या तळ्यांचे काठ जलरंगात काढले. बेळगावात के. बी. कुलकर्णींनी पिढ्या शिकवल्या, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे. कुठल्याही दालनात जलरंगाचं मूळ चित्र भेटलं तर समोरून बघून झाल्यावर बाजूला सरकून तिरक्या उजेडात बघावं. थर किती चढवलेत, कागद कुठे कोरा सोडलाय, कुठली कड वाळायच्या आधी आणि कुठली नंतर मारली, हे छापील पुस्तकात कधीच दिसत नाही.

आता खिडकीतली पट्टी, कुठला रंग उन्हात उडतो ते बघायला. पाडव्याला करायचं काम. आठ इंची कागदावर आपल्याकडच्या प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा, अर्धा दाट आणि अर्धा पाणचट, शेजारी क्रमांक. मग पट्टी लांबीत मधोमध कापून एक तुकडा बंद वहीत आणि दुसरा पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून, रंग बाहेरच्या बाजूला तोंड करून. दक्षिणेची खिडकी नको, वर सांगितलंच की मे ते ऑगस्ट तिथे मध्यान्हीचं ऊन येत नाही. पश्चिमेला ढग नसतील तर वर्षभर येतं. पावसाचे शिंतोडे आत येत असतील तर तेवढे दिवस काढून ठेवावी. पुढच्या पाडव्याआधी दोन्ही तुकडे शेजारी लावायचे.

अल्ट्रामरीन, ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना यांच्यात फरक शोधूनही सापडत नाही. थॅलोही तसाच. पीव्ही१९ गुलाबी उभा राहतो. झगझगीत ऑपेरा पिंक मात्र पार उतरलेला असतो, त्यातला चमकणारा भाग उन्हात आधी जातो. आणि अलिझरीन क्रिमसन, ट्यूबवर पीआर८३ असेल तर, दाट पट्ट्यात अजून तग धरून असतो, पण पाणचट पट्ट्यात नुसती आठवण उरते. नेमका पाणचटच तर आपण वापरतो, संध्याकाळच्या आभाळाला. तयार हिरव्यांचं ज्याच्या त्याच्या मिश्रणावर. एखादा सॅप ग्रीन वर्षाने निळसर झालेला दिसतो, कारण त्यातला पिवळा उडालेला असतो.

पट्टीच्या पाठीवरही तारीख घालावी. क्रिमसनची ट्यूब अर्धी उरलेली असते, ती फेकायची गरज नाही. भिंतीवर लागणाऱ्या किंवा कुणाला द्यायच्या चित्रात ती वापरायची नाही, वहीतल्या सरावाला चालते. वही मिटलेली असते, तिला ऊन लागत नाही.